वारसा आणि वहिवाट

परंपरा टिकवावयाची म्हणजे तिला परक्या स्पर्शापासून जपावयाचे, ही धारणा आपल्या समाजात इतकी दृढमूल आहे की तिची परीक्षा घेण्याचे प्रयोजनच सहसा कुणाला जाणवत नाही. परंतु ज्यांनी मायदेश कायमचा सोडला त्यांच्या अन्नाचा इतिहास निराळीच साक्ष देतो, आणि त्याचा एक सुस्पष्ट दाखला अमेरिकेतील टेक्सास राज्यात, लॉकहार्ट गावच्या क्राइट्स मार्केट या जुन्या जर्मन मांसगृहात मिळतो.

१८४२ साली काही जर्मन सरदारांनी टेक्सासमधील वसाहतीसाठी एक मंडळ स्थापिले व त्याच्या आश्रयाने १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग ही गावे वसली. पुढे मध्य टेक्सासच्या गावोगावी जर्मन व चेक खाटकांनी दुकाने थाटली. त्यांपैकी लॉकहार्टचे दुकान १९०० साली चार्ल्स क्राइट्स यांच्या ताब्यात आले. शीतगृहाची सोय नसलेल्या त्या उष्ण मुलखात न खपलेले मांस वाया जाऊ नये म्हणून त्याला धुरी देणे आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचे सॉसेज भरणे, ही विद्या या खाटकांनी मायदेशाहून आणली होती. परंतु मायदेशी जिथे डुकराचे मांस व बीचचे लाकूड, तिथे येथे गुरांचे कळप आणि पोस्ट ओकची राने. म्हणून सॉसेजात गोमांसाचा वाटा वाढला, धूर ओकचा झाला, आणि मसाला मीठ, काळी मिरी व लाल तिखट एवढ्यावर येऊन स्थिरावला. विद्या जर्मन राहिली. द्रव्य मात्र सर्वस्वी टेक्सासचे झाले.

या दुकानांची खाणावळ झाली ती मालकाच्या योजनेने नव्हे, गिऱ्हाइकांच्या गरजेने. कापूस वेचणीच्या हंगामात येणाऱ्या कृष्णवर्णीय व मेक्सिकन मजुरांना गोऱ्यांच्या उपाहारगृहांत मज्जाव असे. ते खाटकाच्या दुकानातून धुरी दिलेले मांस तोलून घेत आणि बांधून दिलेल्या जाड कागदावरच, खारी बिस्किटे, कांदा व लोणच्याची काकडी यांसह, तिथल्या तिथे खात. आज तेथील मेजावर बसणारा सधन प्रवासी ज्या रीतीला अस्सल म्हणून वाखाणतो, ती कागदावर वाढण्याची, बशी न मागण्याची रीत अशा अवमानित लोकांच्या भुकेने घडविलेली आहे. क्राइट्समध्ये दीर्घकाळ काटे नव्हते आणि मांसावर ओतावयाची चटणीही नव्हती. आज मात्र सॉवरक्राउट, जर्मन पद्धतीचे बटाटे आणि हालापेन्यो मिरची घातलेले सॉसेज यांची पंगत एकाच मेजावर बसते, आणि जेवणाऱ्याला त्यात कसलीही विसंगती वाटत नाही.

पहिल्या महायुद्धाने जर्मन नावालाच संशयाचे धनी केले. १९१९ साली राज्यपाल हॉबी यांनी टेक्सास विद्यापीठाच्या जर्मन विभागाचे अनुदान नामंजूर केले. शाळांतून व सार्वजनिक व्यवहारातून ती भाषा मागे हटत गेली. भाषा ज्या समाजाची, तिचे रक्षणही त्यालाच एकट्याने करावे लागले. धुरीच्या मांसाला मात्र तोवर इतके वाटेकरी लाभले होते की ते केवळ जर्मनांचे उरलेच नव्हते, आणि म्हणूनच ते तगले.

१९४८ साली क्राइट्स मार्केट एडगर श्मिट यांनी विकत घेतले, आणि १९९९ साली कौटुंबिक वादामुळे त्याचे स्थलांतर झाले, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नव्या इमारतीत नेण्यात आले. जुन्या इमारतीत त्याच कुटुंबातील कन्येने ‘स्मिटीज’ या नावाने व्यवसाय चालू ठेवला. घराण्याच्या मिळकतीची वाटणी होऊ शकते, तिचे दस्तऐवजही करता येतात. परंतु अन्नपरंपरेवरील हक्क केवळ वंशावळीने सिद्ध होत नाही. ज्यांनी ती आपल्या श्रमाने व भुकेने वर्षानुवर्षे वहिवाटली त्यांचाही तिच्यावर तेवढाच अधिकार असतो. दारावरच्या पाटीवर एका घराण्याचे नाव असणे रास्तच आहे. परंतु त्या अन्नाचा इतिहास लिहिताना कापसाच्या शेतातून आलेल्या अनामिकांना सहकर्त्यांचा मान न देणे हा इतिहासाशी केलेला अन्याय होय.