एक्स्पोर्ट क्वालिटी

'एक्स्पोर्ट क्वालिटी' ह्या दोन शब्दांचं आपल्याला फार वेड आहे. शर्ट असो, चादर असो, आंब्याची पेटी असो. दुकानदाराने आवाज खाली आणून 'साहेब, एक्स्पोर्टचा माल आहे' म्हटलं की आपण घासाघीस करायचं विसरतो. आता ह्याचा अर्थ काय? तर हा माल मुळात आपल्यासाठी केलेलाच नव्हता. कुणा परक्या माणसासाठी केला होता, त्याला तो पसंत पडला नाही, म्हणून तो आपल्या नशिबी आला. ह्यात छाती फुगवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला वयाची पंचेचाळिशी येईपर्यंत पडला नव्हता.

२०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. क्लोरमेक्वाट नावाचं, वेलीची वाढ रोखणारं रसायन त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं म्हणून. त्याच हंगामात आमच्या कोपऱ्यावर एक हातगाडीवाला 'एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट' म्हणून ओरडत होता. मी तीन किलो घेतली आणि घरी येऊन विजयी मुद्रेने टेबलावर ठेवली. माल एक्स्पोर्टचा नसेल तर मी फसलो होतो, आणि असेल तर त्याहून जास्त फसलो होतो. पण हे माझ्या ध्यानात यायला मध्ये बरीच वर्षं आणि दोनशे किलो शेंगदाण्याची चटणी जावी लागली.

ही चटणी आमच्या अक्काची. अक्का सोलापूरला असते. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी म्हणजे काय, हे ज्याने खाल्ली आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही. शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ; कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी लालभडक, ओलसर होते. अक्काची चटणी गल्लीत विकली जायची, मग पेठेत, मग दोन-चार दुकानांत. एवढ्यात तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, नोकरीसाठी हॅम्बुर्गला गेला. तिथल्या एका भारतीय दुकानदाराला त्याने ही चटणी चाखवली. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आठवणीने आलं की तिखटाने, ह्याची चौकशी न करता भाच्याने फोन लावला, "आई, दोनशे किलोची ऑर्डर!"

दाजींनी दोन लाखांचं कर्ज काढलं. जामीन मी. बँकेत नोकरी करणारा मेहुणा असला की जामीन शोधावा लागत नाही, तो लग्नातच मिळालेला असतो.

मग एक दिवस दुकानदाराकडून नियमांची यादी आली. युरोपचा २०११ सालचा ११६९ नंबरचा एक कायदा आहे, खाण्याच्या पाकिटावर काय काय छापायचं ते सांगणारा. तो समजावून द्यायला दाजींनी मला सोलापूरला बोलावलं. मी पडलो बी. कॉम., आणि दाजींच्या मते बी. कॉम. माणसाला सगळे कायदे कळतात.

पहिलंच कलम घटक पदार्थांचं. जे वजनाने सर्वांत जास्त ते आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. मी अक्काला प्रमाण विचारलं. ती म्हणाली, "शेंगदाणे अंदाजानं, तिखट मूठभर, जिरं दोन चिमटी, मीठ चवीपुरतं."

आता युरोपात 'चवीपुरतं' चालत नाही. शंभर ग्रॅममध्ये मीठ किती ग्रॅम, ते छापावं लागतं. मग दाजींनी सोनाराकडून तराजू आणला आणि आम्ही दोघांनी अक्काची मूठ मोजली. पहिल्या वेळी बत्तीस ग्रॅम भरली, दुसऱ्या वेळी एकेचाळीस. दाजी म्हणाले, "नीट एकसारखी मूठ मार की!" अक्का म्हणाली, "तुम्ही समोर उभं राहिलात की मूठ आवळती."

मग उष्मांक. ते किलोज्यूलमध्येही द्यायचे आणि किलोकॅलरीतही. "आपण चटणीत असलं काय घालत न्हाई," असं अक्काने ठणकावून सांगितलं. मग अक्षरांचा आकार. लहान लिपीतलं 'एक्स' हे अक्षर उंचीला निदान १.२ मिलिमीटर पाहिजे. आमच्या बँकेच्या कर्जाच्या कागदावरच्या अटी ह्या मापाने मोजल्या तर बँकेला एक पाकीट विकता येणार नाही.

पण खरी मजा ॲलर्जीच्या यादीत होती. चौदा पदार्थ. त्यांतला एकही चटणीत असेल तर तो घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत उठून दिसला पाहिजे. गहू, दूध, अंडी, मोहरी, तीळ, मासे, सेलरी वगैरे. (सेलरीची ॲलर्जी मला समजली नाही; आमच्याकडे सॅलरीची आहे, पण ती दर महिन्याच्या वीस तारखेनंतर उठते.) ह्या यादीत शेंगदाणाही आहे. म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीच्या पाकिटावर ठळक टायपात सांगायचं की बाबांनो, ह्यात शेंगदाणा आहे!

दाजी पोट धरून हसले. मीही हसलो. भाचा मात्र फोनवर हसला नाही. म्हणाला, "मामा, माझ्या ऑफिसात एक जण आहे. एक दाणा चुकून पोटात गेला तरी त्याचा घसा सुजतो, श्वास बंद होतो. सुई खिशात घेऊन फिरतो तो." आम्ही शेंगदाणा ठळक केला. त्याच उखळात अक्का तिळाची चटणीही कुटते, म्हणून 'तिळाचा अंश असण्याची शक्यता' हेही लिहिलं. ही ओळ सक्तीची नाही, पण दुकानदार म्हणाला लिहा. दाजींना ती अजिबात आवडली नाही. "'असण्याची शक्यता' काय? असलं तर हाय म्हणावं, नसलं तर न्हाई म्हणावं. असं बोललं की गिऱ्हाईक पळतंय."

ह्यानंतर माल कुठून आला त्याची साखळी. युरोपात धंदेवाल्याला एक पायरी मागची आणि एक पायरी पुढची ठाऊक पाहिजे: कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं. म्हणून खरेदीदारही विचारत होता. दाजींनी मार्केट यार्डात आडत्याला विचारलं, "ही शेंग कुठली?" तो म्हणाला, "जमिनीतली."

आणि शेवटी आला प्रयोगशाळेचा अहवाल.

शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर एक बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते भाजल्याने पुरतं जात नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हे जगाला कळलं तेही माणसांमुळे नाही. १९६० साली इंग्लंडात लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या, तेव्हा शोधता शोधता लोक त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचले. खायला तयार शेंगदाण्यात हे विष सगळं मिळून किलोमागे चार मायक्रोग्रॅमपर्यंत, असं युरोप म्हणतं. म्हणजे एक टन दाण्यांत चार मिलिग्रॅम. आमच्या चटणीत निघाले सात.

दोनशे किलो चटणी तयार होती. सत्तर हजारांचा माल. आणि आपल्याकडची मर्यादा युरोपपेक्षा सैल. तिच्यात हे सात मायक्रोग्रॅम आरामात बसत होते.

दाजी म्हणाले, "मग रडायचं काय त्यात? हितं इकू. कायद्यात बसतंय न्हवं? त्या लोकांचं यकृत काय रेशमाचं हाय व्हय?"

मला त्यांचं पटलं. नुसतं पटलं नाही, मी पुरावाही दिला. भाच्याने जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांचा २००१ सालचा एक अभ्यास पाठवला होता. युरोपच्या अफ्लाटॉक्सिनच्या कडक नियमामुळे नऊ आफ्रिकी देशांची सुमारे ६७ कोटी डॉलरची निर्यात बुडेल आणि त्या बदल्यात युरोपात वाचतील वर्षाला अब्जामागे दोनापेक्षाही कमी माणसं, असा त्यांचा हिशेब होता. मी दाजींना म्हटलं, "अब्जात दोन! इतक्यासाठी गरिबाचा धंदा बसवायचा? वर तपासणीची फी दोनशे किलोला तेवढीच आणि वीस टनालाही तेवढीच." तक्रार खोटी नव्हती. श्रीमंताच्या काळजीचं बिल पुष्कळदा गरिबाच्या नावावर फाटतं, हे मी अजूनही म्हणेन.

पण बोलता बोलता माझी जीभ थोडी अडखळली. कारण गेली बावीस वर्षं मी कॅशला बसतो. दिवसभरात लाखोंची उलाढाल होते, आणि संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तर आम्ही दिवे लावून शोधत बसतो. कुणी म्हणत नाही की, 'अहो, लाखात एक रुपया, सोडून द्या!' कारण तो एक रुपया आज कुणाचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. अब्जातल्या त्या दोघांचंही तसंच. ते कोण, हे ठाऊक नाही म्हणून तर आपण त्यांना इतक्या सहज सोडून देऊ शकतो.

हे मी दाजींना बोललो नाही. जामीन माणसाने अशा वेळी तत्त्वज्ञान बोलू नये.

जेवायला बसलो. पानात चटणी होती. माझा हात थबकला. अक्काच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "खा रे निवांत. ती त्यातली न्हाई. घरचा डबा येगळा असतोय."

"वेगळा म्हणजे?"

"घरच्याला मी दाणं निवडून घेती. काळपट, सुरकुतलेलं, खवट काढून टाकती. तू नेतोस ती चटणी त्यातलीच. इकायच्याला मणामणानं दाणं लागत्यात, ते कोण निवडत बसंल?"

घास माझ्या हातातच राहिला. अहो, ज्या दाण्यांत हे विष असतं ते बहुतेक असेच काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले असतात. निवडणं हाच त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय. म्हणजे अक्काला ह्यातलं सगळं कळत होतं. प्रयोगशाळा नाही, मायक्रोग्रॅम नाही, ११६९ नंबर नाही, पण माझ्यासाठी ती गेली कित्येक वर्षं युरोपचा कायदा पाळत होती. फक्त त्या कायद्याची हद्द आमच्या उंबऱ्यापर्यंत होती. उंबऱ्याच्या बाहेर सगळं 'चालतंय की'.

आणि मी तरी काय वेगळं करतो? दिवाळीच्या आधी कॅशमध्ये कोऱ्या नोटांची बंडलं येतात. ती मी बाजूला ठेवतो. बायकोच्या भावाला, वरच्या मजल्यावरच्या वकिलांना, आणि अर्थात दाजींना. रांगेतल्या पेन्शनर आजोबांना जातात त्या मळक्या, चिकटपट्टी लावलेल्या. कायद्याने दोन्ही चलनी. आजोबा ती नोट उजेडात धरून पाहतात आणि काही न बोलता खिशात ठेवतात. प्रत्येकाचा एक घरगुती युरोप असतो. त्याच्या हद्दीत आपण फार कडक असतो आणि हद्दीबाहेरच्या माणसाला कायद्याची मर्यादा दाखवतो. त्या परदेशी लोकांनी एवढंच केलं की अक्का जे मायेने दहा माणसांसाठी करते, ते त्यांनी कायद्याने, तोंडही न पाहिलेल्या कोट्यवधी माणसांसाठी लिहून ठेवलं. मायेला ओळख लागते, कायद्याला लागत नाही. म्हणून तो कोरडा वाटतो, आणि म्हणूनच तो रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.

अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही चटणी हितं न्हाई इकायची."

दाजींनी शेवटचा प्रयत्न केला. "मग म्हशीला तरी घालू."

मी अहवालाबरोबर आलेला कागद वाचून दाखवला. जनावराने हे विष खाल्लं की त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणजे म्हशीमार्फत ते परत आमच्याच चहात. दाजींनी खड्डा खणला. दोनशे किलो चटणी पुरली, तेव्हा साऱ्या गल्लीत लसणीचा असा काही वास सुटला की शेजारची चार माणसं भाकरी घेऊन येतील असं वाटलं.

नंतर अक्काने दोन बायका दाणे निवडायला ठेवल्या. दुसरा माल तपासणीत पास झाला. दुकानदाराने तोवर ऑर्डर निम्मी केली होती, नफा निवडणावळीत गेला, आणि कर्जाचे दोन हप्ते मी भरले. पण आता अक्काकडे डबा एकच आहे. मी नेतो तीच चटणी पेठेत जाते.

मग मलाही काहीतरी करणं भाग होतं. ह्या दिवाळीत मी कोऱ्या नोटा बाजूला काढल्या नाहीत. जो रांगेत येईल त्याला हाताशी येईल ते बंडल. वकीलसाहेब आता जिन्यात भेटले की छताकडे बघतात. बायकोच्या भावाने भाऊबीजेला ओवाळणीत घातलेली नोट बायकोने मला मुद्दाम दाखवली. ती दोन ठिकाणी चिकटवलेली होती.

दाजींना दहाच्या नोटांचं बंडल दिलं तेव्हा मी मनातून धास्तावलोच होतो. त्यांनी चष्मा लावला. बंडल उलटं केलं, सुलटं केलं, कडेने बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाले,

"पाव्हणं, ह्याच्यावर लिवायला पायजे हुतं न्हवं? 'फाटक्या नोटेचा अंश असण्याची शक्यता.' आणि अक्षर १.२ मिलिमीटर."