निष्काळजीपणा कोणाचा?

गोदामांत एखादा मजूर जखमी झाला, म्हणजे आपण प्रथम विचारतों तें हें, कीं चूक कोणाची? आणि उत्तरहि आपल्याजवळ बहुधा तयारच असतें : त्याचीच, त्यानें जपून वागावयास हवें होतें. हें उत्तर कितपत खरें आहे, तें एका यंत्राच्या आधारें पाहूं.

माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीला पुढें दोन लोखंडी सुळे असतात, आणि पुढच्या ओझ्याला तोल म्हणून पाठीमागें भरभक्कम वजन असतें. तिचीं मागचीं चाकें वळतात. त्यामुळें वळणावर तिची पाठ बाहेरच्या अंगास झोकली जाते. ओझें वर ठेवून ती वेगानें वळविली, तर कलंडते. अशा वेळीं बसल्या जागेवरून उडी टाकणें हा देहाचा स्वभाव. परंतु उडी टाकणाराच पुष्कळदां गाडीखालीं चिरडला जातो. पट्टा बांधून, चाक घट्ट धरून बसून राहणारा वांचण्याचा संभव अधिक. म्हणजे जीव वांचविण्याची उपजत बुद्धीच येथें जिवावर उठते! शिकविल्यावांचून हें कोणास कळावें? आणि शिकवण देणें, पायीं चालणारांची वाट गाड्यांच्या वाटेपासून निराळी आखणें, हें त्या मजुराच्या हातीं असतें काय?

कायद्यालाहि हें उमगण्यास वेळ लागला. सोबत्याच्या चुकीनें झालेल्या इजेबद्दल मालक जबाबदार नाहीं, हें १८३७ सालच्या एका निकालापासून चालत आलेलें तत्त्व इंग्लंडांत १९४८ सालीं कायद्यानें रद्द झालें. आपल्याकडील १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें मात्र साध्या गैरसावधपणासाठीं मजुराची भरपाई बुडविली नाहीं. नशा, हेतुपुरस्सर आज्ञाभंग अशा गोष्टीच तेवढ्या अपवाद मानल्या. आंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेकडा ३० नें घटली, असा हिशेबहि त्यानें घालून दिला. हिशेब आवश्यक खरा. पण तो आंगठा गेल्यानंतरचा.

मजुरावर कांहींच जबाबदारी नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. जबाबदारी सामर्थ्याच्या प्रमाणांत असावी, एवढेंच. चुकणें हा मनुष्यस्वभाव आहे. तो लक्षांत न घेतां जो काम आखतो, त्याची चूक मजुराच्या चुकीहून आधींची आणि मोठी. आणि आपण? आज मागविलेली वस्तु उद्यां दारांत हवी, ही आपली इच्छा भिवंडीच्या गोदामांत घाईचें रूप घेऊन पोंचते. एक दिवस थांबण्याचें सामर्थ्य तरी आपल्या हातीं खास आहे.