निरुपयोगी आनंदावर मुलांचा हक्क

वार्षिक परीक्षा संपते, निकाल हाती पडतो आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता सुटीभर या मुलांचे करायचे काय? वाचकहो, या प्रश्नातच आपली एक समजूत दडलेली आहे. मुलांचा वेळ कशाच्या तरी कामी लागलाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. मग पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, संगणकाचा वर्ग अशी वेळापत्रके भिंतीवर लागतात. उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्यापुढे जातो, त्याचेही आपल्याला फारसे वाटेनासे झाले आहे. मात्र झाडाखाली नुसते बसून मुंग्यांची रांग पाहणारे मूल आपल्याला अस्वस्थ करते. ते वेळ वाया घालवीत आहे असे वाटते. ज्या आनंदातून गुण, पदक वा कौशल्य यांपैकी काहीच हाती लागत नाही, त्यावर मुलांचा काही हक्क आहे की नाही? हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे, नीतीचा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर बेंगळुरूच्या रस्त्यांवर उभे आहे. गुस्ताव्ह हर्मान क्रुंबिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १९०८ साली म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले. त्यापूर्वी त्यांनी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या पदरी काम केले होते. एका झाडाचा बहर ओसरतो न ओसरतो तोच दुसरे फुलावे, वर्षभर शहरात कोठे ना कोठे फुले असावीत, अशा धोरणाने त्यांनी बेंगळुरूत वृक्षलागवड घडवून आणली. म्हणून तेथे उन्हाळ्याच्या तोंडाशी जॅकरंडा जांभळा होतो आणि पाठोपाठ गुलमोहर पेटतो. गुलमोहराच्या शेंगा कोणी खात नाही, जॅकरंडाच्या फुलांना बाजार नाही. वाटसरूने वर पाहावे आणि त्याचे मन प्रसन्न व्हावे, एवढ्यासाठी एका संस्थानाने पैसा व श्रम वेचले. तो पैसा वाया गेला असे आज कोण म्हणेल?

पवित्र शास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. एदेन बागेतील झाडांविषयी सांगताना उत्पत्तीचे पुस्तक ती दिसण्यास सुंदर होती हे आधी सांगते आणि खाण्यास चांगली होती हे नंतर. ईयोबाच्या पुस्तकात देव मनुष्यवस्ती नसलेल्या रानावरही पाऊस पाडतो. निर्मात्याने सौंदर्याचा हिशेब उपयोगाच्या वहीत मांडलेला नाही. आपल्या मराठी मंडळीने रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले, त्यातही फूल आणि मूल शेजारी शेजारीच आले.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक; पण महानगरातील आईबापांना वेळ कोठे आहे? रस्त्यावर वाहनांची भीती आहे. उन्हाळाही पूर्वीचा राहिलेला नाही. थंड हवेची ख्याती असलेल्या बेंगळुरूत २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९ अंशांच्या वर गेला; २०२४ च्या उन्हाळ्यात तर पाण्याचेच हाल झाले. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु मी दूरच्या सहलीची गोष्ट करीत नाही. सकाळचा एक तास किंवा उन्हे उतरल्यावरचा एक तास, एवढीच गोष्ट आहे. गुलमोहराचे फूल हाती घ्यावे : चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढरट, ठिपक्यांची. ती तशी का, हे मुलालाच विचारू द्यावे. पर्जन्यवृक्षाची पाने सायंकाळी मिटताना पाहावीत. लालबागेतील खडकावर बसावे. तो सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे ऐकून मूल गप्प झाले तर त्याला गप्पच राहू द्यावे. लगेच धडा काढू नये, प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. नावे मागाहून शिकता येतात. आपण ज्याला करंज म्हणतो तो कानडीत होंगे, आपला बहावा तेथील कक्के. परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलाला झाडाच्या सावलीत शेजाऱ्याची भाषाही भेटते.

दुसरा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. मुलांनी निसर्ग पाहावा, म्हणजे मोठेपणी ती त्याचे रक्षण करतील, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. बेंगळुरूचा धर्मांबुधी तलाव जाऊन तेथे बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण आले. ज्याच्या काठी कोणाचे बालपण गेले नाही, त्या तलावासाठी कोण रडणार? तरीही रक्षक तयार करण्यासाठी आनंद द्यायचा म्हटले, की तोही एक शिकवणी वर्गच झाला. प्रेमातून जबाबदारी उपजते हे खरे; पण जबाबदारीचे आमिष म्हणून प्रेम देता येत नाही. न मागता, न कमावता मिळालेले दान दोन्ही हातांनी घेणे ही स्वतःच एक मोठी शिकवण आहे. कृतज्ञतेचा उगम तेथेच आहे.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. आपण बोलतो ती मुले कोणाची? आपल्या वसाहतीच्या बागेला फाटक आहे आणि फाटकावर पहारेकरी आहे. समोरच्या इमारतीवर विटा वाहणाऱ्या मजुराचे मूल दिवसभर उघड्यावरच असते; पण त्याच्या वाट्याला सावली येत नाही, सिमेंटची धूळ येते. जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमाचे चित्र रेखाटले, तेव्हा म्हातारी माणसे काठी टेकून बसली आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत, असे ते रेखाटले. कोणाची मुले, हे त्याने सांगितले नाही.

आपल्या अनेक मंदिरांची आवारे मोठी आहेत. त्यांत जुने वड, चिंच, आंबा उभे आहेत. आणि रविवारची उपासना संपली की फाटकाला कुलूप लागते. वाचकहो, येत्या सुटीत आपल्या मंडळीच्या पंचांपुढे एवढा एकच विषय ठेवा : सायंकाळचे दोन तास ते कुलूप उघडावे, वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी बाकावर बसून लक्ष ठेवावे आणि आत येणाऱ्या मुलाला त्याचे नाव व आडनाव विचारू नये.