वयाची खात्री आणि तिची नोंद

प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांवर वयाची खात्री सक्तीची करणाऱ्या कायद्यांचे मूळ इंटरनेटच्या आधीचे आहे. १९६५ साली न्यूयॉर्कजवळच्या बेलमोर गावात सॅम गिन्सबर्ग या दुकानदाराने १६ वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिके विकली. तीच मासिके प्रौढाला विकणे गुन्हा नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली आणि प्रौढांसाठी कायदेशीर असलेला मजकूर मुलांना नाकारता येतो, हे तत्त्व रुजले.

दुकानात हे सोपे होते. दुकानदार गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे पाही, शंका आली तर ओळखपत्र मागे, आणि गिऱ्हाईक पायरी उतरले की त्याला विसरूनही जाई. या विसरण्याचे मोल तेव्हा कुणाला जाणवले नाही.

इंटरनेटवर चेहराच दिसेना. १९९६ च्या अमेरिकी कायद्याने क्रेडिट कार्डावरून वय ठरवण्याची वाट सुचवली, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या, कारण मुलांना अडवताना प्रौढांचीही वाट अडत होती. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी स्वतंत्र मतात इंटरनेटवरही पुढे वय पाहून आत सोडणारी दारे बसवता येतील, असे सूचित केले होते. १९९८ चा दुसरा कायदाही टिकला नाही. घरच्या संगणकावर नको तो मजकूर अडवणारी गाळणी बसवणे हा कमी जाचक उपाय आहे, असे न्यायालयाला २००४ मध्ये वाटले. तो युक्तिवाद घरात एकच संगणक असण्याच्या काळातला होता. मुलाच्या खिशात स्वतःचा फोन आल्यावर त्यातला जोर ओसरला.

मग अमेरिकेतल्या राज्यांनी वयाची खात्री सक्तीची करणारे कायदे केले. लुईझियाना राज्याचा असा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तिथे वाहन चालवण्याचा परवाना आधीच फोनमध्ये आलेला असल्याने अंमलबजावणीची सोय तयार होती. एकतृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांना घातक असलेल्या संकेतस्थळांना टेक्सासने वयाची खात्री सक्तीची केली, आणि २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा वैध ठरवला. ओळखपत्र दाखवणे हा प्रौढांवरचा आनुषंगिक भार आहे, असे बहुमताचे म्हणणे. मुलांचे संरक्षण हा हेतू रास्तच आहे. तरी हा भार दुकानातल्याइतका हलका नाही. कोणी काय पाहिले याची नोंद संगणकात राहू शकते, आणि ती फुटली तर माणसाची अब्रू जाते.

ब्रिटनने २०१७ मध्ये वयाच्या पडताळणीचा कायदा केला, २०१९ मध्ये ती योजना गुंडाळली आणि २५ जुलै २०२५ पासून नव्या कायद्याखाली पडताळणी सक्तीची केली. त्याबरोबर आपले ठिकाण लपवून ही पडताळणी चुकवू देणाऱ्या व्हीपीएनचा वापर एकदम वाढला.

दुकानदाराच्या विसरण्याला पर्याय शोधण्याचा खटाटोप फ्रान्सने केला. तिथल्या 'दुहेरी अनामिकते'त वय तपासणाऱ्या संस्थेला माणूस कुठे जाणार हे कळत नाही, आणि संकेतस्थळाला तो कोण हे कळत नाही. पलीकडे पोहोचते ते फक्त १८ पूर्ण असल्याचे प्रमाण.