कुणाच्या डोक्यावर शिकावे?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या घरात दरवर्षी एका वस्तूवरून वाद होतो. माळ्यावर एका लाकडी खोक्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, ॲल्युमिनियमचा एक पंखेदार ठोकळा आहे. “अहो, हे भंगारात का देत नाही?” असे आमच्या घरातून विचारणे होते, “असू दे” असे मी म्हणतो, आणि खोके पुन्हा आपल्या जागी जाते. तो ठोकळा म्हणजे एका मोटारसायकलच्या इंजिनाचे हेड आहे. ते बिघडलेले आहे, आणि ते मी बिघडवले आहे.

मी पेशाने चित्रकलाशिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने इंजिनाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण साधे आहे. वडिलांच्या माघारी त्यांची बुलेट माझ्याकडे आली. तीनशे सेहेचाळीस सीसीची ती जुनी गाडी. ७० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या आणि ९० मिलिमीटरची त्याची धाव. एकदा तिचे हेड उतरवले असताना मी आत डोकावून पाहिले आणि त्या डोकावण्यातच फसलो.

हेडमध्ये दोन वाटा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो. या वाटांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह दाराची उघडझाप करीत असतो. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर आत येण्याचे दार त्या एका मिनिटात दोन हजार वेळा उघडते. दट्ट्या वरून खाली येतो तो सेकंदाच्या जेमतेम एकशे तेहतिसाव्या भागात; आणि तेवढ्या अवधीत तांब्याभर हवेला त्या वाकड्या बोळातून धावत यायचे असते. बोळ तर ओतकामातून आलेला. कुठे खडबडीत, कुठे व्हॉल्व्हच्या गाइडपाशी उंचवटा, कुठे व्हॉल्व्ह बसतो त्या कड्याशी पायरी. हा बोळ घासून हवेला सोयीचा करणे याला पोर्टिंग म्हणतात. मी चित्रकलेचा माणूस. वळणदार रेषा दिसली की माझा हात शिवशिवतो. मला वाटले, हे तर आपलेच काम!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाऊन मी माझा बेत सांगितला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले, चहा मागवला आणि म्हणाले, “मास्तर, चित्रात चुकलं तर खोडरबर हाय. हितं घासलेलं परत चिकटत न्हाई. आधी भंगारातली तीन हेडं आणा, ती बिघडवा, मग माझ्याकडं या.”

मी तीन हेडे आणली. पहिले तर अर्ध्या तासात वाया गेले. वळणाच्या आतल्या बाजूची जी छोटी कड असते, ती मला अडथळा वाटली म्हणून मी ती तासून टाकली. वास्तविक सगळे कौशल्य त्या कडेत असते. तिथे धार राहिली, की धावती हवा कडेला धरून वळत नाही. वळणावरून सुटलेल्या बैलगाडीसारखी भलतीकडे जाते. दुसऱ्या हेडात कटर निसटला आणि व्हॉल्व्हच्या कड्यावर चरा उमटला. ॲल्युमिनियम कटरच्या दातांत अडकून बसते, म्हणून दातांना अधूनमधून मेण लावायचे असते, हे तेव्हा कळले. तिसऱ्या वेळी मी थांबायला शिकलो. थोडे घासायचे, मोजायचे, पुन्हा थोडे घासायचे.

मोजण्यासाठी मी व्हॅक्यूम क्लीनर, लाकडी पेटी आणि रंगीत पाणी भरलेली काचेची वाकडी नळी यांचे एक यंत्र उभे केले. व्हॉल्व्ह ठरावीक उंचीवर उघडा ठेवायचा, क्लीनरने हवा ओढायची आणि नळीतले पाणी किती चढते ते पाहायचे. कल्पना माझी नव्हे. इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक या माणसाने हवेचा प्रवाह मोजून हेड सुधारण्याचे शास्त्रच उभे केले. १९२० नंतरच्या दशकात त्याने बेंटलीच्या इंजिनांवर काम केले, पुढे जग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनाच्या हेडाला त्याचा हात लागला, आणि १९६७ साली बेल्जियमची ग्रां प्री शर्यत डॅन गर्नीने ज्या ईगल मोटारीतून जिंकली, तिच्या इंजिनाच्या नावात गर्नीबरोबर वेस्लेकचेही नाव होते. अंदाजावर विसंबू नये, मोजावे, एवढा धडा मी त्याच्यापासून घेतला. तो धडा खरा होता. पण पुरेसा नव्हता.

तिसऱ्या हेडानंतर मी वडिलांच्या बुलेटला हात लावला. काम बरे झाले. गाडी मोकळा श्वास घेऊ लागली. मिस्त्रींनी एक चक्कर मारून “जमलं की!” म्हटले, आणि मला शिंगे फुटली.

माझा एक जुना विद्यार्थी पहाटे दुचाकीवर दुधाचे कॅन लावून संकलन केंद्रावर घालतो. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन आणि वाटेत एक चढ. एकदा तो सहज बोलून गेला, “सर, चढाला गाडी दमते.” मी म्हणालो, “दोन दिवस माझ्याकडे सोड. तिचे पोर्ट मोठे करतो, मग बघ.” त्याने मान हलवली. मी मन लावून काम केले. वाट रुंद केली, आरशासारखी चकचकीत केली. यंत्रावर ठेवली तर नळीतले पाणी असे चढले, की मी सौ.ला स्वयंपाकघरातून बोलावून आणून दाखवले.

चार महिन्यांनी त्याची आई बाजारात भेटली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाली, “गुरुजी, रागावू नका. पोरगं चढाला खाली उतरून गाडी ढकलतंय. तुम्हाला सांगायला लाजतंय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे यंत्र खोटे बोलले नव्हते. मीच त्याला भलता प्रश्न विचारला होता. यंत्र व्हॉल्व्ह उघडा धरून सलग हवा ओढते. पण ओझे घेऊन संथ गतीने चढणाऱ्या इंजिनाला आधीच थोडी हवा लागते. ती रुंद वाटेतून येऊ लागली, की तिचा वेग मरतो. दट्ट्या तळ गाठून पुन्हा वर निघाला तरी आत येण्याचे दार क्षणभर उघडेच असते. हवा वेगात असेल तर त्या क्षणीही ती आपल्या जोरावर आत शिरते, आणि मंदावलेली असेल तर आलेली हवाच माघारी ढकलली जाते. पेट्रोलचे थेंबही मंद हवेत तरंगत राहत नाहीत, भिंतीला लागतात. शर्यतीच्या गाडीला जो गुण, तोच दुधाच्या गाडीला दोष. त्या मुलाला हवी होती चढाची ताकद. मी त्याला दिली माझी हौस.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. “अरे, सांगितले का नाहीस?” मी विचारले. तो खाली बघत म्हणाला, “सर, तुम्ही एवढ्या हौसेनं केलं. आणि तुम्ही शिकत होता. कसं सांगायचं?” दिवाळीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी नवे हेड आणले, ते मिस्त्रींनी बसवले. जुने माझ्या माळ्यावर आले. हिशेब मिटला, असे कुणीही म्हणेल.

पण मिटला का? माणसाला शिकायचे तर काहीतरी बिघडतेच. प्रश्न एवढाच, की ते कुणाचे बिघडावे? मिस्त्रींचा नियम मी पाळला होता. आधी भंगार, मग स्वतःचे, मग दुसऱ्याचे. तरीही अपराध घडला. कारण मी शिकाऊ आहे हे मी त्याला सांगितले नाही. त्याला काय हवे ते विचारले नाही. आणि ‘नको’ म्हणण्याची सोय तर त्याला नव्हतीच. ज्या गुरुजींनी कधीकाळी कान धरला, त्यांना कोण नको म्हणणार? ज्याला आपल्याविषयी आदर आहे, त्याच्यावर शिकणे सर्वांत सोपे. आणि तो आदरच त्याचे तोंड बंद करतो.

हे सुचल्यावर मन मागे मागे जाऊ लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांची चित्रे खोडून स्वतःच्या हाताने ‘सुधारत’ असे. एक मुलगा निळी झाडे काढायचा. त्याची झाडे मी चार वेळा हिरवी केली. पुढे तो वहीच आणीनासा झाला. मी तेव्हा शिक्षकी शिकत होतो. फक्त माझ्या हाताखालच्या हेडाला नाव होते, आई होती आणि मन होते. माझ्या पहिल्या कादंबरीत मी आत्याचे दुःख जसेच्या तसे वापरले. लोकांनी कौतुक केले. आत्याने पुस्तक वाचून मिटून ठेवले आणि त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही. या दोन्ही ठिकाणी नवे हेड विकत मिळत नाही.

मग दुसऱ्यावर शिकूच नये, असे म्हणावे का? तसे म्हणणे सोपे, पण त्याने जग चालणार नाही. प्रत्येक डॉक्टरला कधीतरी पहिला रोगी लागतो, प्रत्येक मास्तरला पहिला वर्ग. मुलांची भंगारातली प्रतिकृती मिळत नाही. आमच्या घरचेच बघा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सौ.ने अनारसे केले. पहिला अनारसा तळणीत हसला, दुसरा हसला, मग सगळा घाणाच हसू लागला. तुपातला तो चुरा माझ्या आईने गाळून घेतला आणि आम्ही सर्वांनी वाट्यांत घेऊन चमच्याने खाल्ला. आई म्हणाली, “पीठ सैल झालं ग. पुढच्या खेपेला जरा घट्ट मळ.” आज आमच्या गल्लीत तिच्यासारखे अनारसे कुणाचे होत नाहीत.

इथेही तूप, गूळ वाया गेले. पण कुणावर अन्याय झाला नाही. का? ती शिकते आहे हे सर्वांना ठाऊक होते. नुकसान सर्वांनी वाटून खाल्ले. आणि काय चुकले ते आईने तोंडावर, मायेने सांगितले. दुधवाल्या मुलाच्या बाबतीत यांतले एकही घडले नव्हते. नुकसान त्या एकट्याने, रोज पहाटे, गाडी ढकलत सोसले.

समाजात बहुधा असेच चालते. शिकण्याची किंमत ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर पडते. ओळखपाळख असलेल्याला मोठा डॉक्टर तपासतो. धर्मार्थ खाटेवरच्या म्हातारीच्या दंडावर शिकाऊ हात चालतो. तिच्यामुळे डॉक्टर तयार होतो आणि तयार झाला की तो आपल्याला मिळतो. तिचे आभार मात्र कुणी मानत नाही. शिकणाऱ्याला हाकलून देणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्यांना नाही म्हणता येते, त्यांनी कधीकधी आपण होऊन हो म्हणणे, हा उपाय आहे. आपल्या वाट्याचा चुरा आपणही खाल्ला पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात मला रक्त तपासायचे होते. समोर परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक पोर उभी राहिली. हात थरथरत होता. शेजारची अनुभवी बाई पुढे येऊ लागल्या. मी म्हणालो, “राहू द्या, हिलाच घेऊ द्या.” पहिल्यांदा शीर चुकली. पूर्वीचा मी असतो तर ‘काही दुखले नाही हो’ असे म्हणून मोठेपणा मिरवला असता. पण मला तो खाली बघणारा मुलगा आठवला. मी म्हटले, “बाळ, दुखले. सुई जरा उभी गेली असावी. घाबरू नकोस, पुन्हा बघ.” दुसऱ्यांदा जमले. शिकणाऱ्याला आपले डोके द्यावे, आणि कुठे दुखले तेही सांगावे. नुसते सोसले, तर तो शिकणार कशावरून?

त्या मुलाची गाडी आता चढाला दमत असली, तरी खाली उतरावे लागत नाही. परवा तो स्वतः दुधाची बरणी घेऊन आला आणि म्हणाला, “सर, कार्ब्युरेटर साफ करायला शिकवा की. माझ्याच गाडीवर.” मी त्याला मिस्त्रींचा पत्ता दिला आणि बरोबर मीही गेलो. आम्ही दोघे एकाच बाकावर बसून शिकलो.

माळा झाडून झाला आहे. “हे खोकं?” असे खालून विचारणे आले. मी फडक्यावरची धूळ झटकली आणि म्हटले, “असू दे.”