अतिथी, भाडेकरू आणि वाटा

महागाईच्या काळात परक्याला दारात घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर अर्थकारणाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी कोण कोणाचे काय देणे लागतो हा धर्मविचाराइतकाच जुना प्रश्न असतो, आणि कॅनडात २०२२ नंतर स्थलांतरितांवरून जो वाद उसळला त्यात तो विशेष उघडा पडला. जून २०२२ मध्ये तेथील महागाईचा वार्षिक दर ८.१ टक्क्यांवर गेला. ती आवरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने दीड वर्षाच्या आत व्याजदर ०.२५ वरून ५ टक्क्यांवर नेला आणि घर घेऊ पाहणारी कुटुंबे भाड्याच्या जागेतच अडकून पडली. त्यातच २०२३ या एका वर्षात लोकसंख्या सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढली, व ही वाढ जवळजवळ सर्वस्वी बाहेरून आलेल्या माणसांची होती.

अशा वेळी आतिथ्यधर्माची आठवण करून दिली जाते, परंतु ती येथे फारशी उपयोगी पडत नाही. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली अतिथीला माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीत बसवते हे खरे. पण मनुस्मृतीचा तिसरा अध्याय अतिथी म्हणजे एकच रात्र राहणारा, ज्याची स्थिती अनित्य आहे असा, अशी व्याख्या करतो (तीही ब्राह्मणापुरती) आणि त्याच गावच्या रहिवाशाला अतिथी मानत नाही. इमॅन्युएल कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात परक्याला दिलेला हक्कही भेटीचा आहे, मुक्कामाचा नव्हे. जो वर्षानुवर्षे भाडे भरतो, कर भरतो आणि रात्रपाळी करतो, त्याला या दोन्ही परंपरांच्या चौकटीत जागाच नाही.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगसाची कथा मात्र या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते, कारण ती दुष्काळातली आहे. उंछवृत्तीने, म्हणजे शेतात सांडलेले दाणे वेचून, जगणाऱ्या ब्राह्मणाच्या घरी सातूचे थोडेसे पीठ असताना अतिथी येतो. ब्राह्मण स्वतःचा वाटा देतो, तरी अतिथीची भूक भागत नाही, आणि मग पत्नी, पुत्र व सून आपापला वाटा पुढे करतात. या कथेचे स्मरण एरवी त्यागासाठी होते. पण प्रत्येक वाटा घेताना तो गृहस्थ कचरतो आणि ज्याचा वाटा त्याने आग्रह केल्यावरच तो उचलतो, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. दुसऱ्याच्या ताटातले परस्पर वाढून दाता होता येत नाही.

कॅनडात मात्र नेमके असेच परस्पर वाढले गेले. ओंटारियो प्रांताने २०१९ मध्ये महाविद्यालयीन शुल्क १० टक्क्यांनी कमी करून तेथेच गोठवले, आणि ही तूट भरून काढण्यासाठी संस्था स्थानिकांच्या कित्येक पट शुल्क देणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर अधिकाधिक विसंबल्या. यांत सर्वाधिक विद्यार्थी भारतीय होते, आणि मराठी घरांतून कर्ज काढून गेलेली मुलेही होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कामगारटंचाईचे कारण देऊन सरकारने त्यांच्या कामाच्या तासांवरील मर्यादाही तात्पुरती उठवली. शुल्क संस्थांना मिळाले, श्रम मालकांना, वाढीव भाडे घरमालकांना. भुर्दंड मात्र जुन्या भाडेकरूला पडला आणि ब्रॅम्प्टन शहरातल्या तळघरात चौघांत खोली वाटून राहणाऱ्या नव्यालाही. हे दोघे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, याचे नवल वाटू नये.

कॅनडातल्याच टोरंटो विद्यापीठात अध्यापन केलेल्या जोसेफ कॅरन्स या तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये असे मांडले होते की श्रीमंत देशाचे नागरिकत्व हा सरंजामी वतनासारखा जन्मसिद्ध विशेषाधिकार आहे, म्हणून सीमा साधारणतः खुल्या असाव्यात. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांचे मत वेगळे: कोणाला सभासद करावे हे समाजाने ठरवावे, पण ज्यांच्या श्रमावर तो चालतो त्यांना कायम उपरे ठेवणे ही जुलमाचीच एक रीत होय. कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ साठीचे कायम रहिवाशांचे लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले, तेव्हा कॅरन्स यांचा पक्ष मागे पडला असे म्हणता येईल. परंतु तात्पुरत्या परवान्यावर आधीच आलेल्यांची संख्याही घटवण्याचे ठरल्याने वॉल्झर यांची अटही पाळली गेली नाही.

बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात परदेशीयाशी स्वकीयासारखे वागण्याच्या आज्ञेला लागूनच तराजू व मापे खरी ठेवण्याची आज्ञा येते, आणि भाष्यकार या शेजाराकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. कॅनडात माप खरे राहिले नव्हते: विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या निर्वाहासाठी किती रक्कम दाखवावी याचा आकडा सुमारे दोन दशके १० हजार डॉलरवर थांबलेला होता. घरभाडी त्याच्या कितीतरी पुढे निघून गेल्यानंतर, १ जानेवारी २०२४ पासून, तो २०,६३५ करण्यात आला.