मुभा

२०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या शहरात आमरीच्या रोपांचे लहानसे प्रदर्शन भरणार होते. मुखपट्टी लावा, अंतर राखा आणि खुशाल या, अशी मुभा होती. पण मुभा म्हणजे निर्णय नव्हे. वर्गात मुलाला पाणी प्यायला जायची परवानगी दिली, म्हणून त्याने गेलेच पाहिजे असे थोडेच असते!

प्रश्न माझ्या एकट्याच्या जिवाचा असता तर सोपा होता. या रोगाची खोड अशी, की लक्षणे दिसण्याआधीच माणूस तो वाटत फिरतो. आमरीचे बी धुळीसारखे बारीक. वाऱ्यावर गेलेले कुठे पडले, याचा झाडाला पत्ता नसतो. घरात आई पंचाहत्तरीची. साठीपुढच्यांचे लसीकरण १ मार्चपासून सुरू व्हायचे होते.

पण दुसरी बाजूही खरीच. बीपासून फुलापर्यंत आमरीला कित्येक वर्षे लागतात. टाळेबंदीत गिऱ्हाईक नव्हते, तरी रोपवाल्याला पाणी घालावेच लागले. माझ्या घरी बसण्याच्या पुण्याची किंमत त्याने का मोजावी? नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हा माणूस मला सहसा भेटत नाही.

मी गेलो नाही. एका रोपाचे पैसे आगाऊ पाठवले. साथ ओसरल्यावर नेईन, असे कळवले. फोनवर तो हसला. म्हणाला, "मास्तर, रोप ठेवतो. फूल मात्र तोवर थांबायचं नाही."